ज्ञानाच्या वेशीवरील जकातनाका

१ जानेवारी २०२५ पासून देशातील शासकीय विद्यापीठे, महाविद्यालये आणि केंद्र सरकारच्या संशोधनसंस्था यांना जगातील तीस प्रकाशनसंस्थांची सुमारे तेरा हजार शोधनियतकालिके एकाच वर्गणीत वाचावयास मिळू लागली. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या नावाने ही योजना ओळखली जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद केली. सहा हजार तीनशेहून अधिक संस्था आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक तिच्या कक्षेत येतात. योजनेचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु एवढी मोठी सार्वजनिक खरेदी होत असताना आपण नेमके काय विकत घेत आहोत आणि ती वस्तू मुळात कोणाच्या मालकीची होती, हा प्रश्न विचारला गेला नाही. विज्ञानाच्या एखाद्या शाखेतील शोधनिबंध कसा जन्मास येतो, तो कोठे छापला जातो आणि कोणाच्या हाती पडतो, हे बारकाईने पाहिल्यावाचून त्याचे उत्तर सापडणार नाही.

त्यासाठी सिरॅमिक पदार्थांच्या संशोधनाचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. सिरॅमिक म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे कपबशा, फरशा आणि न्हाणीघरातील भांडी येतात. वस्तुतः धातूंची ऑक्साइडे आणि तत्सम संयुगे भट्टीत भाजून तयार होणारा हा पदार्थांचा फार मोठा वर्ग असून, विजेच्या खांबावरील चिनी मातीच्या विद्युतरोधकापासून शस्त्रक्रियेने बसविलेल्या कृत्रिम सांध्यापर्यंत त्याचा संचार आहे. याच वर्गातील एका शोधनिबंधाने चाळीस वर्षांपूर्वी पदार्थविज्ञानाचा नकाशा बदलला.

न ठरविलेला वाचक

स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळ आयबीएम कंपनीची एक प्रयोगशाळा आहे. तेथील आलेक्स म्युलर आणि जॉर्ज बेडनॉर्ट्झ हे दोघे शास्त्रज्ञ १९८३ पासून ऑक्साइडांमध्ये अतिसंवाहकता शोधत होते. विशिष्ट तापमानाखाली काही पदार्थांचा विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा होतो, त्या गुणधर्मास अतिसंवाहकता म्हणतात. त्या काळी ती फार तर २३ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास, एका मिश्रधातूत आढळली होती आणि १९७३ पासून हा उच्चांक हललेला नव्हता. भाजलेल्या मातीच्या जातकुळीतील पदार्थांत तो मोडता येईल, ही कल्पना बहुतेकांना विक्षिप्त वाटली असती. दोन वर्षे या दोघांच्या हाती काहीच लागले नाही.

१९८५ च्या अखेरीस बेडनॉर्ट्झ यांच्या वाचनात एक फ्रेंच शोधनिबंध आला. नॉर्मंडी प्रांतातील कां शहरी काम करणाऱ्या मिशेल, एर-राखो आणि राव्हो या तीन रसायनशास्त्रज्ञांनी तो लिहिला होता आणि ‘मटीरियल्स रिसर्च बुलेटिन’ या नियतकालिकात तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. बेरियम, लँथॅनम आणि तांबे यांचे एक ऑक्साइड धातूप्रमाणे वीज वाहून नेते, असे त्यात दाखविले होते. त्या लेखकांना उच्च तापमानातील उत्प्रेरक गुणांत रस होता. त्यामुळे त्यांनी मोजमापे उणे शंभर अंशांवरच थांबविली होती. अतिसंवाहकतेचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. बेडनॉर्ट्झ यांनी तेच मिश्रण तयार केले आणि ते आणखी खाली थंड करीत नेले. १९८६ च्या जानेवारीत विद्युतरोध एकाएकी कोसळताना दिसला. एप्रिलमध्ये दोघांनी आपला निबंध ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या जर्मन नियतकालिकाकडे पाठविला. ३० केल्विनच्या आसपास सुरू होणारी ती अतिसंवाहकता त्या वर्षाच्या अखेरीस टोकियोतील शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिली. १९८७ च्या आरंभी अमेरिकेतील पॉल चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इट्रियम घातलेल्या दुसऱ्या एका ऑक्साइडात ती ९० केल्विनच्याही वर नेली, म्हणजे स्वस्त अशा द्रवरूप नायट्रोजनच्या टप्प्यात आणली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सी. एन. आर. राव यांच्या गटाने त्या पदार्थातील अतिसंवाहक अंश कोणता हे निश्चित करणारा निबंध त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. या जातीच्या तांब्याच्या ऑक्साइडांवर या गटाचे काम आधीपासूनच चालू होते, म्हणूनच हे शक्य झाले. बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या हकिकतीतील अर्थशास्त्रीय मर्म असे की, त्या फ्रेंच निबंधाचा सर्वांत मोलाचा वाचक कोण असेल, हे लेखकांना, संपादकाला अथवा प्रकाशकाला कोणालाही सांगता आले नसते. उत्प्रेरकांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी लिहिलेला निबंध अतिसंवाहकता शोधणाऱ्याच्या हाती पडला आणि त्याचे सोने झाले. तांदळाचे पोते भुकेल्याच्या घरी गेले पाहिजे, हे आधी ठाऊक असते. शोधनिबंध कोणाच्या घरी जावयास हवा, हे तो तेथे पोहोचल्यावरच कळते. शिवाय एकाने वाचल्याने तो दुसऱ्यासाठी उणा होत नाही. अशा वस्तूच्या वेशीवर जकातनाका बसविला, तर परत गेलेल्या गाड्यांत काय माल होता याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. नुकसान मोठे असते, पण ते दिसत नाही.

आयबीएमसारख्या श्रीमंत कंपनीच्या प्रयोगशाळेत ते नियतकालिक मिळणे अवघड नव्हते. तोच बेडनॉर्ट्झ एखाद्या तालुक्याच्या गावी, कपाटात जुने क्रमिक ग्रंथ असलेल्या महाविद्यालयात अध्यापक असता, तर काय झाले असते, एवढा विचार या संदर्भात पुरे.

कच्चा माल फुकट, पक्का माल महाग

सिरॅमिकवरील निबंधामागील श्रम पाहावेत. संशोधक शुद्ध चूर्णे तोलून घेतो, ती तासन् तास खलतो, साच्यात दाबून वडी करतो, हजार अंशांच्या आसपास भट्टीत भाजतो, पुन्हा दळून पुन्हा भाजतो. क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासतो, सूक्ष्मदर्शकाखाली कण न्याहाळतो. दहा वड्यांपैकी नऊ तडकतात किंवा नको ती संयुगे देतात. भट्टी, उपकरणे, संशोधन-छात्रवृत्ती आणि अध्यापकाचे वेतन हा सारा खर्च बहुतांशी सरकारी तिजोरीतून होतो. निबंध लिहून झाला की तो नियतकालिकाकडे जातो. संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी पाठवितो. हे परीक्षक सामान्यतः विनामूल्य काम करतात आणि त्यांचेही वेतन कोठल्या तरी विद्यापीठातूनच येत असते. निबंध स्वीकारला गेला की वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकात लेखकाने स्वामित्वहक्क प्रकाशकास लिहून द्यावयाचा, ही रूढी. त्यानंतर तोच निबंध त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरून विकत घ्यावयाचा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण येथे कोणास आठवली तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रकाशकाचे काम शून्य आहे, असे मात्र नाही. हस्तलिखितांची छाननी, परीक्षकांशी पत्रव्यवहार, मुद्रितशोधन, जुळणी, संगणकावर कायमचे जतन यांना खर्च येतो. पण खर्च आणि किंमत यांचा संबंध तुटला आहे, ही खरी तक्रार आहे. या व्यवसायातील सर्वांत मोठ्या गटांपैकी एक असलेल्या एल्सव्हिअरच्या मातृकंपनीचा वैज्ञानिक प्रकाशनविभाग गेली कित्येक वर्षे उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांहून अधिक नफा दाखवीत आला आहे. कारखानदारीत इतका नफा दिसला की नवे स्पर्धक येतात आणि दर उतरतात. येथे तसे होत नाही, कारण एका निबंधाला दुसरा निबंध पर्याय नसतो. ज्याला कां येथील निबंध हवा आहे, त्याला दुसरा स्वस्त निबंध देऊन भागत नाही. मागणी ताठर, पुरवठादार एकच आणि बिल भरणारा वाचक नसून ग्रंथालय, अशी ही मक्तेदारीची पाठ्यपुस्तकी व्यवस्था आहे. रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गमॉन प्रेसने महायुद्धोत्तर काळात हे हेरून शेकडो नियतकालिके उभी केली. १९९१ मध्ये पर्गमॉन एल्सव्हिअरने विकत घेतली आणि कां येथील तो निबंध जेथे आला होता ते ‘मटीरियल्स रिसर्च बुलेटिन’ही त्या घरात गेले.

माणशी अकराशे रुपये

भारतीय ग्रंथालयांना या व्यवस्थेचा चटका १९९१ मध्येच बसला. त्या वर्षीच्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर-पौंडांत भरावयाच्या वर्गण्या एका रात्रीत महागल्या. अनुदान रुपयांत, बिल परकीय चलनात, असा हा पेच होता. पुढे गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’सारख्या संस्थांनी विद्यापीठांची एकजूट करून वर्गण्या घेण्यास सुरुवात केली. नवी योजना हे त्याच वाटेवरील मोठे पाऊल आहे.

तिचा हिशेब साधा आहे. वर्षाला दोन हजार कोटी रुपये, एक कोटी ऐंशी लाख वाचक. म्हणजे माणशी वर्षाला सुमारे अकराशे रुपये. नियतकालिकांच्या बाजूने पाहिले, तर दरेकास वर्षाला सरासरी पंधरा लाखांवर रक्कम पडते. पूर्वी निरनिराळी खाती आणि विद्यापीठे स्वतंत्रपणे सौदे करीत आणि एकाच मालाचे अनेकदा पैसे मोजीत, ते थांबावे हा हेतू रास्तच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आणि भारतीय विज्ञान संस्थेतील विद्यार्थ्याला एकच निबंध एकाच दिवशी वाचता यावा, ही समतेच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

परंतु नाका हटलेला नाही. सरकारने काही गाड्यांची जकात एकरकमी भरली आहे, एवढेच झाले आहे. मंजूर योजनेचा पहिला टप्पा केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यापुरता आहे. ज्या महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने खासगी शिक्षणसंस्थांनी केला, तेथे या शब्दांना विशेष अर्थ आहे. सिरॅमिकच्या क्षेत्रापुरते पाहावयाचे, तर गुजरातेतील मोरबी हे देशातील फरशा-उत्पादनाचे सर्वांत मोठे केंद्र. भट्टीतील इंधन कसे वाचवावे, फरशी भाजताना वाकते का, झिलईला तडे का जातात, या प्रश्नांवर सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन तेथील कारखानदाराला किंवा त्याच्या तंत्रज्ञाला या वर्गणीतून वाचता येणार नाही. न ठरविलेल्या वाचकाचा जो धडा झुरिकने शिकविला, तो येथे विसरला गेला आहे. योजनेची मुदत २०२७ अखेरपर्यंत आहे. वर्गणीचे नूतनीकरण झाले नाही, तर बहुतेक दारे पुन्हा लागतील. हे भाडे आहे, घर नव्हे.

नाक्याची जागा बदलली

वाचकाकडून घेतली जाणारी जकात अन्यायाची आहे, हे जगाला पटू लागले, तेव्हा प्रकाशकांनी दुसरी वाट काढली. निबंध सर्वांना विनामूल्य वाचता येईल. मात्र तो छापण्याचे शुल्क लेखकाने भरावे. वरवर पाहता ही सुधारणा वाटते. ‘नेचर’ने या व्यवस्थेखाली एका निबंधासाठी साडेनऊ हजार युरो शुल्क २०२० मध्ये जाहीर केले, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाखांहून अधिक रुपये. सिरॅमिकच्या नियतकालिकांचे दर एवढे नसले, तरी मोठ्या प्रकाशकांकडे दोन-तीन लाख रुपये हा अपवाद राहिलेला नाही. सहायक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन दरमहा सत्तावन्न हजार सातशे रुपये आहे. दोन लाखांचे शुल्क म्हणजे त्याचे साडेतीन महिन्यांचे मूळ वेतन. पूर्वी गरीब वाचक वेशीबाहेर राहत असे. आता गरीब लेखक राहतो. आणि जी नियतकालिके वर्गणीही घेतात आणि काही निबंधांसाठी शुल्कही घेतात, त्यांची दुहेरी वसुली तर उघडच आहे.

लेखकांच्या शुल्कासाठी दरवर्षी दीडशे कोटी रुपयांचे साहाय्य देण्याचे या योजनेबरोबर जाहीर करण्यात आले. दर निबंधास सरासरी दोन लाख रुपये धरले, तर त्यातून साडेसात हजार निबंध निघतील. भारतातून दर वर्षी दोन लाखांहून अधिक विज्ञानविषयक निबंध प्रसिद्ध होतात. म्हणजे शंभरातील चारांचीही सोय होत नाही. उरलेल्या शहाण्णवांनी काय करावे? त्यांना एक तर वर्गणीच्या नियतकालिकाकडे स्वामित्वहक्क सोपवावा लागेल, किंवा स्वस्तात छापून देणाऱ्या दुकानात जावे लागेल.

ही दुकाने गल्लोगल्ली निघाली याला आपली पदोन्नतीची पद्धतही तितकीच जबाबदार आहे. अध्यापकाच्या कामाचे मोजमाप निबंधांच्या संख्येवर होऊ लागले, तेव्हा संख्या पुरविणारा बाजार उभा राहणे अटळ होते. परीक्षण नाही, संपादक नावापुरता, चार दिवसांत स्वीकृती आणि काही हजार रुपयांत प्रसिद्धी, असा हा व्यापार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे, तपासलेल्यांपैकी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांस उतरली नाहीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने आपल्या यादीतून चार हजार तीनशे पाच नियतकालिके वगळली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. पीएच. डी.साठी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. सक्ती आणि याद्या आल्या-गेल्या. परंतु निबंध मोजावेत की वाचावेत, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

‘संभाव्य’ या शब्दाची किंमत

संख्येच्या घाईत पहिला बळी जातो तो संयमाचा. बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांच्या १९८६ च्या निबंधाच्या मथळ्यातील पहिलाच शब्द ‘संभाव्य’ या अर्थाचा आहे. विद्युतरोध नाहीसा होणे हा अतिसंवाहकतेचा अर्धा पुरावा. चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकले जाणे हा उरलेला अर्धा. तो तपासण्याचे उपकरण त्या वेळी त्यांच्या हाती आलेले नव्हते, म्हणून त्यांनी दावा तेवढाच केला जेवढा मोजला होता. चुंबकीय पुरावा त्यांनी पुढील निबंधात दिला. ज्या निबंधाने नोबेल मिळविले, त्याने आपल्या मथळ्यातच शंकेला जागा ठेवली होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

याच्या उलट बाजूस २०२३ ची हकिकत ठेवता येईल. त्या वर्षी २२ जुलै रोजी दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी परीक्षणापूर्वीचे निबंध ठेवण्याच्या ‘अर्काइव्ह’ या संगणकीय भांडारात दोन निबंध ठेवले. शिसे, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडे तांबे यांच्या ‘एलके-९९’ नामक सिरॅमिक पदार्थात साध्या हवामानात, साध्या दाबाखाली अतिसंवाहकता सापडली, असा त्यांचा दावा होता. जगभर खळबळ उडाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ करून पाहण्यात आला, पण अतिसंवाहकता दिसली नाही. विद्युतरोधातील घसरण ही त्यात राहिलेल्या तांब्याच्या सल्फाइडामुळे होती, असे चिनी शास्त्रज्ञांनी दाखविले, आणि जर्मनीत तयार केलेले शुद्ध स्फटिक तर विद्युतरोधक निघाले. ऑगस्ट संपण्यापूर्वी या दाव्यात दम उरला नव्हता.

या प्रकरणावरून घाईवर टीका झाली आणि ती खरी आहे. पण त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. दावा विनामूल्य वाचता येत होता, म्हणूनच तो पाच आठवड्यांत तपासला गेला. खंडन करणारे निबंधही तितकेच मोकळे होते. चूक उघड्यावर असली की ती लवकर मरते. मात्र तपासण्याचे, खोडण्याचे, ‘आम्हांस हे दिसले नाही’ असे सांगण्याचे काम पदोन्नतीच्या तक्त्यात फारसे मोजले जात नाही. तडकलेल्या नऊ वड्यांची नोंद कोठेच होत नाही आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत त्याच नऊ वड्या सार्वजनिक खर्चाने पुन्हा तडकतात.

तिसरी वाट

वाचकाकडूनही जकात नको आणि लेखकाकडूनही नको, अशी तिसरी वाट आहे काय? आहे, आणि ती अपरिचित नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने १९७९ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटीरियल्स सायन्स’ हे पदार्थविज्ञानाचे नियतकालिक सुरू केले. त्यात सिरॅमिकवरील निबंध नियमाने येतात. परदेशी प्रकाशकाशी त्याचा सहप्रकाशनाचा करार आहे, तरीही अकादमीच्या संकेतस्थळावर निबंध विनामूल्य वाचता येतात आणि नेहमीच्या मार्गाने छापण्यासाठी लेखकाकडून शुल्क घेतले जात नाही. ब्राझीलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस साओ पाउलो राज्याच्या संशोधननिधीच्या आधाराने ‘सायेलो’ हा उपक्रम उभारला आणि आपली देशी नियतकालिके जगाला खुली केली. तेथील सिरॅमिक संघटनेचे जुने नियतकालिकही त्यात आहे. खर्च संस्था आणि शासन उचलतात. वाचकाच्या दारी नाका नाही.

या वाटेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला प्रतिष्ठेचा. देशी नियतकालिकात छापलेला निबंध परदेशी नियतकालिकाच्या तोडीचा मानला जात नाही, म्हणून चांगला निबंध बाहेर जातो आणि तो बाहेर गेल्याने देशी नियतकालिकाची पत वाढत नाही. हे दुष्टचक्र खरे आहे. पण ते निसर्गनियम नव्हे. निवडसमित्यांच्या सवयीने ते चालते आणि निवडसमित्या आपल्याच आहेत. निबंध कोठे छापला हे न पाहता तो वाचून गुण देण्याचा नियम झाला, तर चक्र उलटे फिरू लागेल. बेडनॉर्ट्झ-म्युलर यांचा निबंधही त्या काळच्या सर्वाधिक दबदब्याच्या अमेरिकी नियतकालिकात आला नव्हता, हे येथे आठवावे.

दुसरा आक्षेप पैशाचा. परंतु वर्षाला दोन हजार कोटी रुपये वर्गणीसाठी देणाऱ्या देशाला तो शोभत नाही. त्या रकमेचा शंभरावा हिस्सा म्हणजे वीस कोटी रुपये. एकेका नियतकालिकास वर्षाला वीस लाख रुपये दिले, तर शंभर देशी नियतकालिकांना पूर्णवेळ संपादकीय साहाय्यक, चांगले मुद्रितशोधन आणि कायमचे जतन यांची सोय होऊ शकते. इंडियन सिरॅमिक सोसायटी ही १९२८ पासूनची संस्था आहे. तिच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’चे प्रकाशन आज परदेशी कंपनीच्या सहकार्याने होते. अशा जुन्या विद्वत्संस्थांना परक्या दाराशी जावे लागू नये, एवढे बळ देणे ही चैन नव्हे.

याखेरीज आणखी एक उपाय कायद्याने नव्हे, तर केवळ अंमलबजावणीने साधण्यासारखा आहे. सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत सार्वजनिक भांडारात ठेवावी, असे धोरण केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केले आहे. पण प्रत ठेवली नाही म्हणून पुढचे अनुदान अडले, असे सहसा होत नाही. म्हणून धोरण कागदावर राहिले. २०२७ नंतरच्या वर्गणीची बोलणी होतील, तेव्हा भारतीय लेखकांच्या निबंधांची प्रत विनाविलंब व विनाशुल्क भांडारात ठेवण्याचा हक्क हे करारातील पहिले कलम असले पाहिजे. एवढा मोठा ग्राहक अटी घालू शकत नसेल, तर तो ग्राहक नव्हे, केवळ गिऱ्हाईक आहे.

भट्टी आणि सार्वजनिक पैसा यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तेथे नुसती काच तयार झाली नाही. काच कशी करावयाची हे शिकलेली माणसे तयार झाली आणि ती विद्या घेऊन ती ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेली. ज्याचा पैसा, त्याची विद्या, असा तो सरळ व्यवहार होता. आजच्या प्रयोगशाळेतील भट्टीही लोकांच्या पैशानेच तापते. तिच्यातून निघालेले ज्ञान लोकांना परत मिळताना वेशीवर अडू नये, एवढी मागणी फार मोठी म्हणता येणार नाही.